लाइनवरचा पालम

त्या हिवाळ्यापासून माझी पोस्टिंग उत्तरेकडे, बर्फातल्या एका पोस्टवर होती. मी सिग्नलमन. आसपासच्या सगळ्या पोस्ट एकाच टेलिफोन लाइनवर होत्या. सकाळची लाइन टेस्ट झाली की आम्ही ऑपरेटर थोडं बोलून घ्यायचो. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. गाव हेच नाव. मी वालूर, खालच्या पोस्टवरचा पालम. आडनाव कुणी विचारत नसे.

माझे वडील वारले तेव्हा वाट बंद होती. घरी जाता आलं नाही. पालम रोज फोन करायचा. "वालूर, जेवलास का? खोटं बोलू नको."

पुढच्या पावसाळ्यात तो सुट्टीवर गेला. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा मराठवाडा पेटला होता. परतल्यावर तो लाइनवर गप्प असे. मीच विचारलं.

"आमच्या गावात बौद्धवाडा जाळला. माझा भाऊ जाळणाऱ्यांत व्हता. मी घरात बसून राहिलो. लय लाज वाटायलीय, वालूर."

"पालम," मी म्हणालो, "मी बी बौद्धवाड्यातलाच हाय."

मग त्याने फोन ठेवला. घरं जळाली ती आमच्या लोकांची, तरी मान माझीच खाली गेली. आजवर त्याच्याशी नाव चोरून बोलत होतो, असं वाटलं.

त्यानंतर तो "टेस्ट ओके" एवढंच म्हणे.

फेब्रुवारीत हिमवादळाने आमची लाइन तोडली. पोस्टवर एक जवान तापाने बेशुद्ध होता आणि खाली डॉक्टरला कळवता येईना. दुपारी फोन वाजला. लाइन जोडायला वर आलेला पालम तुटलेल्या जागेवरून बोलत होता.

"वालूर, येतंय का ऐकू?"

"येतंय."

"सुट्टीला तुझ्या घरी येऊ का?"

"ये."

उतरताना त्याच्यावर बर्फाचा कडा कोसळला. खणणाऱ्यांत मी होतो. त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आवाजापेक्षा फार कोवळा होता. गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव होतं, केशव.

सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं, त्याचं शेवटचं बोलणंही. त्याचा तो भाऊ दाराशी उभा राहून ऐकत होता. निघालो तेव्हा फाट्यापर्यंत सोबत आला. एसटी दिसल्यावर खाली बघत म्हणाला, "केशवच्या जागी तुमच्या घरी मी आलो तर चालंल का?"

एसटी थांबली.

"केशवला हो म्हणालो होतो," मी म्हणालो. "या."

दोघांनाही एकमेकांकडे बघवलं नाही.