‘नंदराज’ नाव कुणाचं?

मंडळी, सकाळी नगरच्या सायबर कॅफेत मेल उघडली, तर मुंबईच्या एका खेळण्यांच्या कंपनीची नोटीस! ‘नंदराज’ हा आमचा ट्रेडमार्क आहे, तुम्ही या नावाने घेतलेला वेबसाइटचा पत्ता दहा दिवसांत सोडा.

माझे वडील काष्टीच्या बैलबाजारात बैलांच्या घुंगुरमाळा विकतात. माळेच्या चामडी पट्ट्यावर ‘नंदराज’चा शिक्का, माझ्या जन्माआधीपासून. म्हणून त्यांच्या माळांसाठी काढलेल्या साइटलाही मी तेच नाव दिलं.

वकील म्हणाले, "कंपनीच्या नोंदणीआधीचा पुरावा आणा. जुनं बिल, पावती, काहीही."

१९९९ उजाडलं तरी आमच्या बाजारात पावती कोण देतं? घरी येऊन मी ओरडलोच, "अण्णा, तीस वर्षांत एक कागद ठेवला नाही तुम्ही!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "शिक्क्यात नाव हाय, साल हाय. लोक बैल इकत्यात, पर माळ काढून घरीच ठिवत्यात. माळ दिली तर लक्ष्मी जाते म्हनत्यात. मंग कागद कशाला?"

म्हणजे पुरावा गावोगावी आहे.

आमच्या घरात मात्र एकही जुनी माळ नाही, कारण आमच्या दावणीला कधी बैलच नव्हता. आजच गावी फोन करून विचाराल? तुमच्या गोठ्यातल्या खुंटीवर आमचं नाव आहे का?