वेणीमाधवभटांच्या पेशींची पंगत

काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या वेणीमाधवभटांनी एका बैठकीत बत्तीस जिलब्या खाल्ल्याचं बालाजी घाटापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. हाच माणूस तीन वर्षांपूर्वी एकाएकी पंगत सोडून दाराशी, भिंतीकडे तोंड करून एकटा जेवू लागला. विचारलं की म्हणे, "सोवळं कडक केलंय." लोक भाबडे. ते चक्क पाया पडू लागले!

खरी गोष्ट मोहल्ल्यात फक्त त्यांच्या बायकोला, प्रेमलाबाईंना ठाऊक होती. भटजींना एचआयव्ही होता, क्षयही होऊन गेला होता. आता गोळ्यांमुळे रक्तात विषाणू सापडेनासा झाला होता, आणि शेजारी बसून जेवल्याने हा आजार लागत नाही, हे इस्पितळातल्या डॉक्टर निवेदितांनी दहादा सांगून झालं होतं. पण आपल्यामुळे दुसऱ्याला लागेल ही भटजींच्या मनातली भीती काही हलेना. आणि पंगतीवाचून जीव तर नुसता तळमळत होता.

एक दिवस डॉक्टर निवेदितांनी गळ घातली. बाई इथेच वाढलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी अर्धी हिंदी. "गुरुजी, रक्त साफ दिसलं तरी फुप्फुसातल्या पेशी कशा वागतात, त्यावर रिसर्च चाललाय. तिथे जंतू खाणाऱ्या पेशी असतात. एचआयव्हीत त्यांची भूक बिघडते. नळीतून थोडं मिठाचं पाणी आत सोडायचं, परत ओढून घ्यायचं, मग त्यात आलेल्या पेशींना जंतू वाढून बघायचं, किती खातात ते."

"माझ्या पेशी, आणि खाणार नाहीत?" भटजी ताडकन उठले. "लिहून घ्या नाव!"

"पर त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा नाही हं."

ठरल्या दिवशी भटजी कडकडीत उपाशी टेबलावर बसले. डॉक्टर हातमोजे घालायला वळल्या, आणि भटजींच्या मनात आलं, एवढं मोठं कार्य संकल्पाशिवाय करायचं? त्यांनी कनवटीची गंगाजळाची कुपी काढली आणि ओळीने तीन आचमनं केली.

"पानी पी लिए, बाबा!" लीला नर्स किंचाळली.

"पाणी कुठे प्यायलो? आचमन केलं."

"पेट में गया कि नहीं?"

शास्त्रार्थ चांगला पाव तास रंगला आणि भटजी साफ हरले. झोपेच्या औषधाच्या गुंगीत पोटातलं पाणी उलटून श्वासनळीत गेलं असतं, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं.

पुढच्या खेपेला प्रेमलाबाईंनी कनवट, उपरणं, पिशवी, सगळ्याची झडती घेतली आणि संकल्प स्वतःच बाहेरच्या बाकावर बसून सोडला. आत भटजींना खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, पण नळी आत गेली आणि पेशींचं पाणी परत मिळालं.

आठवड्याने डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "हे गोल दिसतात ना, त्या तुमच्या पेशी. आतले ठिपके म्हणजे खाल्लेले जंतू."

भटजींनी डोळा लावला तो काढीचनात. "ही रिकामी बसलीय. हिला वाढलं नाही काय?"

"वाढलं, पर ती खात नाही. शेजारची बघा, चार खाल्ले. निरोगी माणसाच्या पेशी भराभर खातात. तुमच्या जरा स्लो आहेत, पण खातात."

"आजारपणातसुद्धा?"

"हां."

"आणि सगळ्या अशा एकमेकींना खेटून?"

"मग कुठे बसणार, गुरुजी?" डॉक्टर हसल्या.

भटजी हसले नाहीत. येताना ते बालाजी घाटाच्या पायरीवर टेकले आणि त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. पेशी बिचाऱ्या मोडक्या भुकेनिशी पानावर बसल्या होत्या, आणि आपण मेले तीन वर्षं भिंत बघत जेवत होतो! उपरण्याने डोळे पुसून ते घरी आले.

त्या महिन्यात शेजारच्या घरी मुंज होती. पानं मांडली गेली. भटजींनी दाराजवळचा आपला पाट उचलला आणि सरळ पंगतीत, आधीच बसलेल्या बाळभटांच्या मांडीला मांडी लावून बसले.

"काय हो, सोवळं सुटलं?" बाळभटांनी विचारलं.

"सुटलं एकदाचं."

जिलबी वाढत प्रेमलाबाई त्यांच्या पानाशी आल्या आणि थबकल्या. कशाबशा म्हणाल्या, "अहो, बत्तीस झेपायच्या नाहीत आता."

"चार खाईन," भटजी म्हणाले. "हळूहळू खाईन. पण इथे बसून खाईन."