धुतलेले वाल

मला राग लवकर येतो. लहानपणापासूनची खोड आहे, सत्तरी उलटली तरी गेली नाही. पण रागापायी आपल्याच नवऱ्याला तुरुंगाच्या दारात नेऊन उभं करणारी बाई आमच्या कर्जत तालुक्यात मी एकटीच असेन.

कळंबच्या पुढे रस्त्याला लागून आमचं किराणा दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. जिल्ह्याला तेव्हा अजून कुलाबा म्हणायचे. भात कापलं की त्याच ओलीवर शेतांत वाल पडायचे आणि शिमग्याच्या सुमाराला लोक ते आमच्याकडे आणून घालायचे. ते टिकवायचं काम माझं, सासूबाईंनी शिकवलेलं. माथेरानला घोडी घेऊन जाणारी माणसं उतरताना तिथली तांबडी माती गोणीत भरून आणून द्यायची. ती चाळायची, पाण्यात कालवायची, वाल तिच्यात घोळायचे आणि अंगणात खडखडीत वाळवायचे. असे वाल वर्षभर राहतात, भुंगा लागत नाही. गिऱ्हाईक ते घरी नेऊन दोन-तीन पाण्यांनी धुतं, भिजवतं, मोड आणतं आणि सोलून बिरडं करतं. माती काही कुणाच्या पोटात जात नव्हती.

चैत्रातल्या एका दुपारी अलिबागेहून भेसळ तपासणारे इन्स्पेक्टर आले. पोरसवदाच होते, शहरात वाढलेले. तेलाचे डबे पाहिले, तिखट पाहिलं, मग वालाच्या पोत्यात हात घातला. हात तांबडा होऊन बाहेर आला. हा रंग कुणी लावला, असं त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं. हे मुळात मवाळ, कुत्र्यालासुद्धा हाड म्हणताना विचार करणारे. सावकाश समजावून सांगायला लागले. इन्स्पेक्टर ऐकतही होते. तेवढ्यात मी पडद्यामागून ओरडले, "रंग कसला? शिमगा होऊन गेला की! मातीपण वळखता येत नाय का?"

पंच म्हणून उभे केलेले दोघे गावकरी खो खो हसले. इन्स्पेक्टरांचे कान लाल झाले आणि त्यांनी पिशवीतून काचेच्या तीन बाटल्या काढल्या. वाल मोजून घेतले, तिन्ही बाटल्या भरल्या, तोंडाला लाख लावून शिक्के मारले. एक तपासणीला जाणार, एक त्यांच्याकडे राहणार आणि एक आमच्याकडे. ह्यांनी सवयीप्रमाणे तराजूत वर मूठभर वाल टाकलेच होते. स्वतःवरच्या खटल्याचा मालसुद्धा माणसाने झुकत्या मापाने दिला.

दोन महिनेही झाले नाहीत तोच तपासणीचा कागद आला. वालाला बाहेरून लाल रंग दिलेला आहे, म्हणे. मागोमाग कर्जतच्या कोर्टाचं समन्स. वकील म्हणाले, गुन्हा शाबित झाला तर सहा महिने तुरुंग, त्याच्या खाली नाही. माझ्या पाचावर धारण बसली. गावातल्या बायका दुकानाच्या पायरीवरून माघारी जायला लागल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी हेच मातीचे वाल मडक्यांत भरलेले होते, तरी!

वकिलांनी ह्यांना बजावलं होतं की तुमच्याकडची बाटलीच तुम्हाला वाचवेल, पुढच्या तारखेला घेऊन या. हे घरी येऊन तेवढंच बोलले. मी ती बाटली देवांशेजारच्या कोनाड्यात ठेवली होती. रोज दिवा लावताना तिच्याकडे बघायची आणि मनात यायचं, कोर्टात साहेब ही बाटली हातात घेणार आणि आत हे असं मातकट दिसणार. पाहुण्यांपुढे न्यायच्या आधी आपण पोराचं नाक पुसतो ना, तसंच माझ्या डोक्यात आलं. उघडीप पडली होती. हे सामान आणायला कर्जतला गेले, तशी मी विळ्याने लाख फोडली. वाल तीन पाण्यांनी धुतले, दिवसभर उन्हात वाळवले. कसे लख्ख निघाले! बाटली पुसून भरली, तोंडाला धुवट फडकं बांधलं आणि स्वतःवरच खूश झाले.

ह्यांनी ती बाटली पाहिली आणि मटकन खाली बसले. एक शब्द बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी वकिलांनी डोक्याला हात लावला. ती बाटली शिक्क्यासकट कलकत्त्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायची होती. रंग नाही, माती आहे, एवढं तिथून लिहून आलं की सुटलो. आणि मी तो पुरावाच मोरीत ओतला होता.

आता उरली इन्स्पेक्टरांकडची तिसरी बाटली. आमच्या वकिलांनी ती कलकत्त्याला पाठवा म्हणून अर्ज केला. सरकारी वकील म्हणाले, ज्यांनी आपल्या हाताने शिक्का फोडला त्यांना ही सवलत कशाला? तारखांवर तारखा पडत गेल्या. भादव्यात एकदाच्या दोन्ही बाटल्या मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या टेबलावर आल्या. मी मागच्या बाकावर बसले होते.

साहेबांनी ह्यांना विचारलं, शिक्का कुणी फोडला? हे म्हणाले, मीच. वालाला माती कुणी लावली? तीही मीच. मी ऐकतच राहिले. इतके महिने हा माणूस वकिलालासुद्धा हेच सांगत आला होता. मग मला बसवेना.

"साहेब, ते खोटं बोलतात," मी उभी राहून म्हटलं. "माती मी लावली, बाटली पण मीच फोडली. तुमी बघणार म्हणून धुतले वाल. काय करायचं ते मला करा, ह्यांना नाय."

शिपाई मला गप्प करायला धावला. साहेबांनी त्याला थांबवलं आणि मला विचारलं की मुळात माती लावताच कशाला? भुंगा लागू नये म्हणून, मी सांगितलं. त्यांनी दोन्ही बाटल्या उचलून उजेडात धरल्या.

इन्स्पेक्टरांच्या बाटलीतले वाल भरल्या दिवशी होते तसेच होते, तांबडे, अखंड. आमच्या बाटलीत भुंगे फिरत होते. एकेका वालाला दोन-दोन भोकं आणि तळाशी बोटभर पीठ. मी दोन-तीन महिने भीतीने त्या बाटलीकडे बघितलंच नव्हतं! इन्स्पेक्टर वाकून दोन्हीकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले की बाटली कलकत्त्याला पाठवायला आमची हरकत नाही.

कलकत्त्याचा कागद यायला फाल्गुन उजाडला. रंग नाही, साधी माती. साहेबांनी निकाल वाचला की ही माती माल राखण्यासाठी आहे, फसवण्यासाठी नाही, आरोपी निर्दोष. माझा जीव भांड्यात पडला. कोर्टाच्या पायरीवर बसून मी ढसाढसा रडले, येणारे-जाणारे बघत होते तरी. हे शेजारी टेकले. त्या बाटलीबद्दल ते पहिल्यांदाच बोलले.

"बरं झालं गं, धुतलेस."

त्या वर्षी मी मातीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. नवे वाल पोत्यांत तसेच पडून होते, ह्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते, तर अंगणातून चाळणीचा आवाज आला. बाहेर जाऊन बघते तर हे उकिडवे बसून माती चाळत होते. त्यांना कुठली येतेय चाळायला! अर्धी अंगावर, अर्धी अंगणात. मला बघून त्यांनी घमेलं माझ्याकडे सरकवलं. मी पदर खोचला आणि पाणी आणायला गेले.