मुठीवरचं नाव

दसऱ्याच्या पूजेआधी पणजोबांच्या तलवारीला तेल लावलं, की त्या वासासरशी आमच्या छत्रीबागेतल्या घरातली पंधरा वर्षांपूर्वीची सकाळ आठवते. मेधाच्या खोलीतून हेवी मेटलचा धडधडाट येत होता. काळे टीशर्ट, कवट्यांची पोस्टरं. मुलगी कुठल्या नादाला लागली, असा मला शक होताच.

"काय ओरडतोय हा?" मी दारातूनच विचारलं.

"बाबा, सुनो तो सही. फौजेनं एक गाव जाळलं, त्यात मेलेल्यांची नावं घेतोय." मग माझ्या हातातल्या तलवारीकडे बघून म्हणाली, "हिनं कोणाला मारलं?"

"दुश्मनांना."

"नक्की?"

तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. आता दरवर्षी पातं पुसताना मलाच शक येतो. मुठीवर पणजोबांचं नाव कोरलेलं आहे. बाकी कोणाचंच नाही.