खंडेनवमीचा कॉम्प्युटर

हे मी आजवर कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढं नाही, दादापुढं नाही. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी मीच बसलो होतो — तेव्हाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आमच्याकडं सगळे मला ओळखतात ना — तिथंच तर घोळ आहे.

ओळखतात म्हणजे काय, तर माझा राग. सदा नाकाच्या शेंड्यावर. लहानपणी भरलं ताट भिरकावलं, कॉलेजात एकाचा दात पाडला, आणि दर वेळी आई म्हणाली, ‘‘डोकं फिरतं त्याचं, मनात काही नसतं.’’ त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलंय. मनात काही नसतं! किती सोय होते माणसाची.

सुधीरचा डावा डोळा माझ्या हातानं गेला. हे लपलेलं नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे. दवाखान्यात मात्र आम्ही सांगितलं की कॉम्प्युटर फुटला आणि तुकडा उडाला, आणि सुधीरनंही तेच सांगितलं. तुम्ही म्हणाल, मग आता कबूल करायचं राहिलं काय? राहिलंय. सांगतो — जरा सबर करा, तोंडातून निघत नाही.

सुधीर माझा आतेभाऊ. उदगीरहून आमच्या जामबागच्या घरी राहायला आलेला, हार्डवेअरचा कोर्स करायला. तेव्हा हैदराबादेत ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता, गल्लोगल्ली क्लास निघालेले. दादा लग्नांचं शूटिंग करायचा आणि मिक्सिंगसाठी हिमायतनगरच्या एका स्टुडिओत ताटकळत बसायचा. घरीच मशीन पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. मला पाहिजे होते गेम — गाड्यांचे, गोळीबाराचे. बजेट मात्र एकाच कार्डाचं. दादाला टेप आत घ्यायला कॅप्चर कार्ड, मला गेमसाठी ग्राफिक्स कार्ड. आम्ही असे भांडायचो की आईला मध्ये येऊन उभं राहावं लागायचं.

वाट काढली सुधीरनं. सिकंदराबादची दुकानं पालथी घातली, प्रोसेसर जरा हलका घेतला, मॉनिटर जुना घेतला, आणि कॅबिनेट सगळ्यात स्वस्त. पातळ पत्रा, कडा न घासलेल्या, वीज घेणारा डबा — पॉवर सप्लाय — त्याच्यासोबतच आलेला. जोडताना त्याची बोटं कापली. बोट चोखत म्हणाला, ‘‘नक्को परेशान होऊ रे, दोन्ही कार्डं बसली बघ.’’ त्या धारदार पत्र्यात जे पैसे वाचले, त्यात माझं कार्ड आलं होतं. एवढं लक्षात ठेवा.

मग श्रावणात दादाकडं एका तेलुगू लग्नाची फिल्म आली. फिल्म तयार होत असताना मी मध्येच गेम लावला, मशीन अडकलं, सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. दादानं मुलीच्या बापासमोर मला चपलेनं हाणलं. आणि सुधीरला सांगितलं, याचं कार्ड काढ. सुधीरनं काढलं, फोममध्ये गुंडाळून माझ्या हातात दिलं, माझ्याकडं न बघता. मला दादापेक्षा त्याची जास्त चीड आली. का? दादावर हात टाकायची माझी छाती नव्हती, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आमच्याकडं खंडेनवमीला कामाची हत्यारं पुसून पुजतात आणि त्या दिवशी चालवत नाहीत. कॅमेरा, लाइट, आणि त्या वर्षी कॉम्प्युटरही. सुधीरनं कॅबिनेट उघडून ब्रशनं धूळ झाडली. बाजूचा पत्रा काढून भिंतीला टेकवला. आईनं त्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. वायर काढून ठेवलेली. दुपारी पुरणाचं जेवून सगळे आडवे झाले, आणि मी सुधीरच्या पिशवीतला स्क्रू फिरवायचा पेचकस घेतला.

त्या सप्लायच्या मागं एक लाल बटण असायचं, खाचेत बसलेलं. एका बाजूला आपली वीज, दुसऱ्या बाजूला परदेशातली — निम्म्या दाबाची. ते चुकीच्या बाजूला ठेवून आपली वीज लावली, की सप्लाय जागीच फुटतो. हे मला सुधीरनंच शिकवलं होतं. घरात त्याला माहीत आणि मला. दादाला ते बटण आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मी पेचकसाचं टोक घातलं आणि ते सरकवलं.

दसऱ्याला सकाळी आईनं ओवाळलं, दादानं वायर लावून बटण दाबलं. बंदुकीसारखा बार झाला. धूर, जळका वास, आईच्या हातातलं ताट खाली. दादानं दुसरीकडं बघितलंच नाही, थेट सुधीरची कॉलर धरली — आत हात घालून साफसफाई त्यानंच केली होती ना. भिंतीवर आपटला त्याला. पोटात गुडघे घातले. खाली पाडून लाथा, बरगडीत, पाठीत, जिथं लागेल तिथं. आई दादाच्या पाठीवर बुक्क्या मारत होती, सोड म्हणत होती. मी बघत होतो. बरं वाटत होतं का? हो. आधी तरी वाटलं.

मग दादा दमला. सुधीर रांगत टेबलापर्यंत गेला, नाकातून रक्त गळत होतं, आणि त्यानं मान वाकवून कॅबिनेटच्या मागं बघितलं. म्हणाला, ‘‘दादा, हे लाल बटण कुणीतरी सरकवलंय. पुसताना नाही सरकत हे, पेचकस लागतो.’’ आणि माझ्याकडं बघितलं. पुढं बोलायला तोंड उघडलं.

मी भिंतीजवळचा पत्रा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. कडेनं. पुन्हा मारला. पत्र्याला कुंकू होतं, त्यामुळं रक्त किती आहे हे आधी कुणाला कळलंच नाही. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्यातून जो आवाज आला तो मी सांगू शकत नाही. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा दादानं मला मागून धरलं. ज्यानं त्याला तुडवलं, त्यालाच मला आवरावं लागलं.

डोळा वाचला नाही. कोर्स अर्धवट टाकून तो उदगीरला परत गेला. आत्या आली, रडली, आणि जाताना माझ्याच डोक्यावरून हात फिरवून गेली — मशीन जळलं म्हणून पोराचं डोकं फिरलं, मनात काही नव्हतं त्याच्या. सुधीरनंच तिला तसं सांगितलं होतं. बटणाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही, आणि त्या गोंधळात दादाच्या डोक्यातूनही ते निघून गेलं. आणि रागाला काय, माफी मिळतेच की आपल्यात.

पण राग नव्हता हो. हेच सांगायचं होतं. त्या वेळी माझ्या डोक्यात राग नव्हताच. डोकं थंड होतं. हे तोंड आत्ता बंद झालं पाहिजे, एवढंच होतं. पत्रा उचलताना आधी बघितलं मी — एक कड दुमडलेली होती, एक उघडी. दुमडलेली कड हातात धरली. माझी बोटं कापू नयेत म्हणून. डोकं फिरलेला माणूस असं बघून धरतो का?

गेल्या दसऱ्याला सुधीर आला होता. माझ्या मुलीला व्हिडिओ एडिट करायला नवा कॉम्प्युटर पाहिजे होता, त्यानंच सामान निवडलं, त्यानंच जोडला, उजवा डोळा पुढं येईल अशी मान वळवून. वीज लावायच्या आधी त्यानं सप्लायच्या मागं बोट फिरवलं. नव्या सप्लायना ते बटण नसतंच, त्याला ते चांगलं माहीत आहे. मुलीनं विचारलं, ‘‘काका, काय शोधताय?’’

‘‘काही नाही, सवय,’’ तो म्हणाला. मग वायर माझ्या हातात दिली आणि तिला म्हणाला, ‘‘तुझ्या बाबाला राग येतो फक्त. मनात काही नसतं त्याच्या.’’

बोलताना तो माझ्याकडं बघत होता. मी हसलो, खाली वाकलो आणि वायर लावली.