जैबूननं ऐकलेला चेलो

जैबूनबरोबर, म्हणजे माझ्या बायकोबरोबर, मी शेवटचं काम केलं ते एका गादीचं. छावणीतल्या दुकानात मी मशीनवर कापूस पिंजत होतो, ती खोळ शिवत होती. टीव्हीवर एक जपानी पोरगी चेलो वाजवत होती. वाद्य तिच्याहून मोठं.

काल नातीनं मोबाईलवर तीच पोरगी दाखवली. आता मोठी झाली, परदेशात बक्षीस मिळालं म्हणे. तो भरडा, गोड आवाज ऐकला अन् ती संध्याकाळ समोर आली.

"मशीन बंद करा ओ, ऐकू द्या," जैबून म्हणाली होती.

"त्यात काय ऐकायचं? अब्बा कापूस पिंजायचे त्या धुनकीची तार अशीच वाजायची."

"तुमच्या अब्बांनी मला लई रडवलं. त्यांच्या धुनकीनं कधी नाय."

मी हसून मशीन बंद केली. उडालेला कापूस हळूहळू खाली येऊन तिच्या केसांवर बसला. सुई हातात धरून ती बघत राहिली. तेव्हा मला वाटलं, कामाचा खोळंबा झाला. आता वाटतं, आमच्या संसारात तिला तेवढीच शांतता मिळाली.

त्याच रात्री ती झोपेत गेली. सकाळी माणसं यायच्या आधी मी मशीन चालू केली. कापूस घातला नाही. मला मोठ्यानं रडायचं होतं, अन् गल्लीला ते ऐकू जायला नको होतं.