अण्णांच्या कारखान्याला उकिरडा नव्हता

बाहत्तरच्या दुष्काळात मी एका धनगराच्या मेंढ्या चादरीची खळ खाऊ घालून मारल्या. हेतू चांगला होता. माझ्या बहुतेक घोटाळ्यांमागचा हेतू चांगलाच असतो. मेंढ्यांना तो कळला नाही, एवढंच.

मी तेव्हा सोलापुरात अण्णांच्या चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. अण्णा तेलुगू विणकराघरचे, मागावर उभं राहून राहून मालक झालेले. मुलाखतीला गेलो तेव्हा त्यांनी माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र हातात घेतलं, वाचलं नाही, उलटं केलं आणि खूश झाले. "मागं कोरं हाय की. कायतरी लिवायला होईल." त्या दिवसापासून कारखान्यात माझं नाव 'सायन्स' पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशीसुद्धा कुणी घेतलं नाही.

त्या कारखान्यात उकिरडाच नव्हता. तुटक्या सुताचे गुंते रेल्वेच्या वर्कशॉपात इंजिनं पुसायला जात. मागाखाली साचलेली कापसाची तूस पिंजाऱ्याकडे जाई आणि कुणाच्या तरी लग्नाच्या गादीत शिरे. रंगाच्या भट्टीची राख वीटभट्टीवाला नेई, बदल्यात तुटक्या विटा देई, आणि त्या विटांनी आमची मागची भिंत दरवर्षी थोडी वाढे. मागाचं जळकं तेल बैलगाडीवाले चाकांना घालत. एका धंद्याची घाण हा दुसऱ्या धंद्याचा माल असतो, हे अण्णांना कुणी शिकवलेलं नव्हतं. हाडाच्या कंजुषाला ते आपोआप सुचत असावं. "फेकायचं असलं तर फेकणाऱ्याला फेका," असं ते म्हणायचे, आणि तसं म्हणताना हटकून माझ्याकडे बघायचे.

माणसांनाही त्यांनी तोच नियम लावला होता. मागात बोट गेलेल्या नरसप्पाला त्यांनी घरी बसवला नाही, तुटलेल्या धाग्यांना गाठी मारायला बसवला. वर त्याच्या तोंडावर सांगितलं, "एक बोट कमी, तेवढा गुंता कमी." राजय्या म्हातारा झाला, रात्रंदिवस खोकू लागला, तेव्हा त्याला फाटकावर वॉचमन केला. मी कळवळून त्याच्यासाठी औषधाची बाटली आणली तर अण्णांनी ती काढून घेतली. "ए सायन्स! हा खोकतो म्हणून चोर येत न्हाई. ह्याचा पगार खोकण्याचा हाय. बरा झाला तर ठेवू कशाला?"

कामगार त्यांना पाठीमागे 'गिधाड' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "गिधाड हाय म्हणून गाव वास मारत न्हाई," ते म्हणायचे. पुढे काही वर्षांनी दम्यानं ते गेले, तेव्हाही मुलांना शेवटचं सांगणं काय, तर "माझी धोतरं जाळू नका. जुनी हायत, मऊ हायत, माग पुसायला घ्या." मुलांनी ऐकलं. राजय्यानं त्यातल्याच एका धोतरात तोंड खुपसून रडून घेतलं आणि मग त्यानंच माग पुसला.

एवढ्या कारखान्यात एकच गोष्ट गटारात जायची. ती म्हणजे हंड्याच्या तळाशी उरलेली खळ. सुताला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याच्या पिठाची खळ शिजवत. तिचा गाळ गटारात ओतला जाताना अण्णांचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा व्हायचा. मला वाटलं, ह्या गाळाला गिऱ्हाईक शोधलं तर अण्णा जन्मात एकदा तरी मला शाबास म्हणतील.

गिऱ्हाईक मागच्या माळावरच होतं. वळसंगकडचा मायाप्पा धनगर चारा संपला म्हणून बायकापोरांसह शहरात येऊन पडला होता. बाकीचा कळप विकून त्यानं मोजक्या गाभण जातील अशा मेंढ्या तेवढ्या राखल्या होत्या. "पाऊस पडला की ह्यांच्यावरच पुना कळप उभा करायचा, सायेब. ह्या गेल्या तर मी धनगर न्हाई, भिकारी." त्या मेंढ्या भिंतीवरची पोस्टरं चाटून खात होत्या. अण्णा सूत आणायला परगावी गेलेले. मी रोज बादल्या भरभरून खळ पाठवू लागलो. मेंढ्या अंगानं भरल्या. मायाप्पाची बायको शेवंता मला लांबूनच हात जोडायची, आणि मी मिशी नसतानाही मिशीवरून हात फिरवायचो.

अण्णा परतले. मी त्यांना गटारापाशी नेऊन म्हणालो, "बघा, कोरडं ठणठणीत! सगळी खळ मायाप्पाच्या मेंढ्यांना."

"खळीला बुरशी लागू नये म्हणून तिच्यात काय घालतो आपण?"

"मोरचूद," मी परीक्षेत उत्तर द्यावं तसा म्हणालो आणि त्याचं रासायनिक सूत्रही म्हणून दाखवलं. ते म्हणून होईपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला. मोरचूद म्हणजे विष.

अण्णांना पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. माळावर मायाप्पा एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "डोळं पिवळं पडल्यात, अण्णा. लाल मुतत्यात. कालपतुर चांगल्या हुत्या की."

अण्णांनी आडपडदा ठेवला नाही. "माझ्या खळीनं झालंय हे. ह्यानं घातली." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मायाप्पानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मेंढीच्या कानात काहीतरी बोलत होता.

दोन दिवसांत सगळ्या गेल्या. मग माळावर माणसं जमू लागली. दुष्काळातली माणसं, हातात सुरे आणि भांडी घेऊन. मायाप्पानंही सुरा काढला. "लेकरं उपाशी हायती. लई वेळ उकळून खातो, अण्णा."

"विष हाय त्यात."

"भुकंनं मरायचंच हाय. निदान खाऊन मरू."

अण्णांनी जळक्या तेलाचं पिंप आणवलं आणि स्वतःच्या हातानं प्रत्येक मेंढीवर ओतलं. लोकर, कातडं, मांस, सगळं काळं. जे एक बोट वाया जाऊ देत नव्हते, ते एवढं सगळं वाया घालवत होते, आणि भोवती पोरं रडत होती. कुणीतरी दगड मारला, तो त्यांच्या खांद्याला लागला. शेवंता तळतळून ओरडली, "वाटुळं हुईल रं तुजं, गिधाडा!"

"होऊ दे. तुझी पोरं जगू देत, रोज शिव्या द्यायला पाठव." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सायन्स, खड्डा खण." मी खणला. हाताला फोड आले ते मी दाखवले, तर म्हणाले, "आणखी खोल."

दुसऱ्या दिवसापासून मायाप्पा आमच्याकडे गठ्ठे उचलू लागला. अण्णांच्या घरून त्याच्या पोरांना रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या जात. त्या दोघांत गोड शब्द मात्र एकही झाला नाही.

पाऊस झाल्यावर मायाप्पा बायकापोरांसह वळसंगला परतला, आणि अण्णा मला वैरागच्या बाजारात घेऊन गेले. दात बघून, पाठ चाचपून त्यांनी मेंढ्या निवडल्या आणि त्यांच्या किमतीत माझा पुढचा पगार तिथेच संपला. मी लॉरी बघायला निघालो.

"लॉरी कशाला? पाय हायत की मेंढ्यांना. तुला पण हायत."

"अण्णा, वळसंग केवढं लांब!"

"मायाप्पाला सांग, मेंढ्या पाठवल्यात. आणणारा पण कामाला येत असला तर ठेवून घे."

मी चालत निघालो. वाटेत मेंढ्यांनी मला दोनदा ओढ्यात पाडलं आणि एका बागायतदारानं चोर समजून बांधून घातलं. वळसंगला पोचलो तेव्हा माझी चप्पल एकच उरली होती. मायाप्पा मेंढ्यांत शिरला, एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि खाली बसून हमसून रडला. मी उभाच. शेवटी शेवंताला अण्णांचा निरोप जसाच्या तसा सांगितला.

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

"मेंढ्या ठिवतो म्हनावं अण्णास्नी. ह्येला माघारी घ्या. मेंढीएवढं खाईल, आनि लोकर बी न्हाई द्यायचा."